तिसऱ्या दिवसाचं भेव

मी ढिवराची पोरगी, वैनगंगेच्या काठची. नाव लीला. बाप जाळं टाके, माय मासोळ्याचं टोपलं घेऊन गावोगावी फिरे अन् मी तिच्या मागं मागं. शाळा-बिळा काई नाई. भेव मात्र लहानपणापासून भारी, अंधाराचं भेव, डोहाचं भेव, मेलेल्या माणसाचं तं विचारूच नका. माय म्हणे, लीले, तू आपल्या सावलीले बी भेते. अन् काय सांगू तुम्हाले बाई, अशा भेकड पोरीले देली कुठी, तं बिजवराले. सौतीवर देली, ते बी मेलेल्या सौतीवर.

लग्न लागलं अन् सासूनं माह्या गळ्यात काळ्या दोऱ्यानं चांदीची एक पुतळी बांधली, बोटाच्या पेरायेवढी. हे कौसल्या, म्हणे, तुही सौत. नवं लुगडं पहिले हिले लावजो मंग नेसजो, घास पहिले हिच्या नावानं काढजो मंग जेवजो, नाई तं ते उठन. त्या दिवशीपासून ते माह्या गळ्यात अन् तिचं भेव माह्या पोटात.

कौसल्या बाळंतपणात गेली होती, मिशनच्या दवाखान्यात. पावसाचे दिवस, नदीले पूर, मुर्दा गावी आणता येत नव्हता, मंग मिशनवाल्यायनं आपल्याच कबरस्तानात एका कोपऱ्यात जागा देली. माह्या जेठानं, मोठ्या दिरानं, मातीवर बोरीच्या काट्या टाकल्या, वरून गोटे ठेवले. बाळंतीण मेली तं ते लेकरासाठी वापस येते, असं आमच्याकडं पक्कं मानतात. अन् लेकरू तं जगलं होतं. मंदा. मी लग्न होऊन आली तवा ते रांगून राह्यली होती, रांगत रांगत आली अन् माह्या पदराले धरून उभी झाली. माह्या पोटी काई झालं नाई, देवानं देलंच नाई, मंदाच माही सगळी. मले माय म्हणे. तुही जन्माची माय दुसरी होती, असं तिले कोणी सांगितलं नाई, मी सांगूच देलं नाई. रोज घास काढो अन् मनात म्हणो, कौसल्याबाई, जेव, लुगडं घे, नवरा पाहिजे तं नवरा बी घेऊन जा, पोरगी तेवढी राहू दे.

मंग गावच्या तलावातल्या मासोळ्याचा ठेका दुसऱ्याले गेला. बुढा, म्हणजे माहा नवरा, चौकीदार म्हणून लागला, कुठी, तं त्याच मिशनच्या दवाखान्यात. मले बी भटारखान्यात घेतलं. चांगले लोक होते, खोटं काऊन बोलू. पण भटारखान्याच्या खिडकीतून सरळ कबरस्तान दिसे. मी खिडकीले पोतं लावलं. सैपाक्या म्हणे, बाई, धुरानं मरतीन न सगळे. मी म्हणली, मरू दे, पोतं नाई निघत.

त्याच साली, उन्हाळा लागता लागता, मोहफूल पडाच्या दिवसात, त्यायचा ईस्टर आला. शुक्रवारी पाह्यतो तं सगळे रडून राह्यले. नर्सा, कंपाउंडर, पास्टरबाबा, सगळे. मले वाटलं दवाखान्यात कोणी मोठं माणूस गेलं. विचारलं तं म्हणे, येशूले आज मारलं. आजच का, म्हणली मी. हासाव का रडाव समजे ना.

शनिवारी पास्टरबाबा भटारखान्यात आले. लीलाबाई, उद्या पहाटे कबरस्तानात सगळ्यांसाठी चहा आणायचा बरं का, उद्या पुनरुत्थान आहे. मले वाटलं काई उद्घाटन-बिद्घाटन असन. पण कबरस्तानात काऊन? मी मोठ्या सिस्टरले विचारलं. ते नगरकडची होती, पुस्तकासारखी बोले, पण मनानं लय साधी. ते म्हणे, अहो, येशू मेला, त्याला पुरलं, अन् तिसऱ्या दिवशी तो उठला. तसे आपण सगळेच उठणार.

सगळेच?

सगळेच.

मिशनचेच का त्या कोपऱ्यातले बी?

सगळे हो लीलाबाई, ते हासत म्हणे, अन् माह्या हातातला झारा खाली पडला.

आता तुम्हीच पाहा. आमच्यात माणूस गेलं का जिथी जीव गेला तिथी पीठ पसरतात, वरून टोपलं झाकतात. तिसऱ्या दिवशी टोपलं उचलून पाह्यतात का कायचं पाऊल उमटलं. तिसरा दिवस म्हणजे सगळ्यात भेवाचा दिवस. घास काढा, काट्या टाका, खिळे ठोका, आमची सगळी खटपट कायसाठी, तं मेलेलं माणूस झोपलेलं राहावं. अन् हे लोक उठाची वाट पाहून राह्यले, वरून चहा पेणार. अन् कवा उठणार हे मी विचारलंच नाई. चहा उद्याचा तं उठणं बी उद्याचंच, असं मी समजली.

घरी येऊन बुढ्याले सांगितलं. तो म्हणे, लीले, झोप न आता. त्याले काय, त्याच्या तं दोन्ही बायकाच. मी उंबऱ्यात खिळा ठोकला अन् मंदाले सांगितलं, उद्या घराच्या भाईर पाय ठेवशीन तं पाय तोडीन. ते फुगून बसली, मिशनच्या शाळेत जाये न, पोरायसोबत तिले बी गाणं म्हणाचं होतं.

तुम्ही म्हणसान, एवढं भेव होतं तं गेली कायले. नोकरी तं होतीच, पण दुसरंच मनात होतं. कौसल्या उठन तं लेकरू शोधत सरळ घरी येईन. त्याच्यापेक्षा तिथीच मी तिच्या समोर उभी राहीन. पाया पडीन, काई बी करीन.

पहाटे केटली घेऊन गेली. रस्ताभर चहा सांडत गेली. लोकायनं कबरीयवर फुलं ठेवली होती, मेणबत्त्या लावल्या होत्या, गाणं चालू होतं. मोहाचा वास नुसता डोक्यात जाये. मी कोपऱ्याकडं पाहाचं नाई असं ठरवलं होतं अन् पाह्यलं. तिथी मंदा. मागच्या दारानं पळून आली होती. कौसल्याच्या मातीवर वाकून बोरीच्या काट्या एक एक काढून फेकत होती अन् हातात मेणबत्ती.

मी धावली. मंदे, हट तिथून. ते म्हणे, माय, हिलेच कोणी लावली नाई वं. तेवढ्यात त्या मातीच्या मागून पांढऱ्या लुगड्यातली एक बाई सावकाश उठून उभी झाली.

माह्या हातची केटली गेली. मी पोरीले पोटाशी धरलं अन् वरडली, कौसल्याबाई, पोरगी नको नेऊ, पाया पडतो तुह्या, मीच वाढवली तिले.

गाणं थांबलं. सगळे पाहून राह्यले. ते मोठी सिस्टर होती, दुसरं कोणी नाई. गुडघे टेकून प्रार्थना करत बसली होती. कौसल्या गेली तवा हेच ड्युटीवर होती, तवापासून दर ईस्टरले पहिले तिच्यापाशी येते, हे मले मंग समजलं. पण मंदानं नाव ऐकलं. माह्या पोटाशीच होती ते, वर पाह्यलं अन् विचारलं, माय, कौसल्या कोण?

जे एवढी वर्षं झाकलं ते मीच वरडून सांगितलं होतं. मंग काय, तिथीच बसली अन् सगळं सांगितलं. गळ्यातली पुतळी दाखवली. सिस्टर बाजूले बसली. ते म्हणे, लीलाबाई, त्या तिसऱ्या दिवशी येशूच्या कबरीवर गेल्या त्या बायाच होत्या, आणि त्याही तुमच्यासारख्याच भ्याल्या. त्यांना पहिलं हेच सांगितलं गेलं, भिऊ नका. उठणं म्हणजे भुतासारखं परत येणं नाही हो. तिथं कोणी कोणाचं लेकरू हिसकावत नाही. मी म्हणली, नक्की का सिस्टर? तिनं मातीवरची एक काटी उचलून बाजूले ठेवली. मंग म्हणे, माझा विश्वास आहे.

मंदा पुतळी हातात घेऊन पाहून राह्यली होती. माही नजर तिच्या तोंडावर, का आता हे मले काय म्हणते. ते म्हणे, माय, ते उठली तं आपल्या घरी झोपन कुठी? आपल्याकडं तं तीनच चटया आहे.

मी त्या मातीवर डोकं ठेवून रडली. भेवानं नाई रडली, ते पहिल्यांदा.

आता मंदा घुग्घुसले असते, जवाई खदानीत शिफ्टीवर जाते, तिले दोन लेकरं. बुढा गेला. मी काई ख्रिस्ती झाली नाई, पोळ्याच्या मारबतीले बी जातो अन् ईस्टरले बी. मोठी सिस्टर बी आता त्याच कबरस्तानात आहे, तिलेही मेणबत्ती लावतो. पुतळी गळ्यात आहेच, हे पाहा. भेव गेलं का म्हणान तं नाई गेलं, अजूनही पहाटे कुत्रं भुकलं का हात पहिले गळ्याले जाते. पण घास काढतो तवा आता दुसरं म्हणतो. म्हणतो, कौसल्याबाई, उठशीन तं पहिले माह्याकडं येजो, पोरीचं सगळं सांगाचं आहे तुले, पहिला दात कवा आला तिथूनपासून.

त्या वर्षी बाजारातून शिंदीची चौथी चटई आणली होती. ते आहे अजून, तिकडं भिंतीले उभी. पाहुण्याले देत नाई. तुम्ही बसा बाई, तुमच्यासाठी दुसरी टाकतो.