रिकाम्या हॉटेलातला चेकपॉइंट

जावई : ...म्हणून सांगतो बाबा, हॉटेल बंद असलं तरी आपला डेटाबेस झोपत नाही! दर पाच मिनिटांनी चेकपॉइंट. म्हणजे नवीन जे काही असेल ते डिस्कवर पक्कं. एक कण हरवायचा नाही.

मेहुणी : भावोजी, महिनाभर रंगकाम चाललंय. पाहुणा एक नाही. पक्कं काय करता, रंगाचा वास?

जावई : तुझं आपलं काहीतरीच. मी बघितलंय, दर वेळी नवीन नोंद असते.

मेहुणी : कसली?

जावई : 'चेकपॉइंट झाला' अशी.

सासरे : म्हणजे?

मेहुणी : म्हणजे बाबा, हा पठ्ठ्या डेटाबेस लिहितो 'सगळं पक्कं केलं'. पाच मिनिटांनी दचकतो, अरेच्चा, नवीन ओळ! मग तीच पक्की करतो. वर दर खेपेला त्याच डिस्कवर बॅकअपची एक अख्खी फाइल. आत ओळ एक, वजन पोत्याचं.

सासरे : जावईबापू, उद्या हॉटेल उघडतंय. लेकीच्या शब्दाखातर तुम्हाला बसवलंय इथे. बुकिंग अडलं तर जुन्या कॉम्प्युटरवाल्याला परत आणीन, आणि तुम्ही रिसेप्शनवर किल्ल्या वाटत बसा.

मेहुणी : डिस्कवर जागा किती उरलीय, भावोजी?

जावई : आहे की. थोडी.

मेहुणी : किती थोडी?

जावई : श्वास घेण्यापुरती.

मेहुणी : धन्य आहात. एक साधी अट घाला. मागच्या चेकपॉइंटनंतर त्याच्या स्वतःच्या बडबडीशिवाय काही घडलं का? नसेल तर गप्प बसायचं. जुन्या फाइली मी सकाळी हलवते. तोवर शहाणपणा नको.

जावई : एवढंच ना? चुटकीसरशी!

(दुसऱ्या दिवशी सकाळी, रिसेप्शनवर.)

सासरे : पाहुणे बॅगा घेऊन ताटकळलेत. खोली का मिळेना?

मेहुणी : डिस्क गच्च भरलीय. भावोजी, अट घातलीत ना?

जावई : घातली! शिवाय खात्री असावी म्हणून एक पहारेकरी प्रोग्रामही बसवला. मिनिटामिनिटाला बघतो, कुठे हालचाल आहे का.

मेहुणी : आणि नसली की?

जावई : 'हालचाल नाही' अशी नोंद करतो.

मेहुणी : कुठे?

जावई : डेटाबेसमध्येच.

मेहुणी : म्हणजे त्या नोंदीलाच 'काहीतरी घडलं' समजून चेकपॉइंट रात्रभर फाइली पाडत बसला! ताईने काय बघून होकार दिला, देव जाणे.

सासरे : पुरे. उठा, जावईबापू. त्या खुर्चीवर बसा आणि किल्ल्या वाटायला घ्या.

जावई : बाबा, नव्या दारांना किल्ल्या नाहीत. ती डेटाबेसवरनं उघडतात.