गिरजाबाईची वेणी

मी आंजी गावची. बाप वांगे-कोथिंबीर लावे, बजारात विके. चार पोरीईवर मी झाली, पोरगा झाला म्हणून सखाराम नाव ठेवलं, पन काय सांगू तुमाले, मले आतून कधी पोरगा वाटलंच नाई. बहिणीचं लुगडं नेसली त बाप म्हणे, असंच राहाचं असन त ह्या दारात येजो नोको. माय चुलीकडं तोंड करून बसली. मंग मी रोहण्याले आली, गावाबाहेर झोपडी टाकली, लोकायचं धान्य पाखडून द्याची, तेबी पायरीखाली बसून, अन् भाकर वरून टाकत.

स्वराज्य येऊन चार-पाच वर्षं झालती. गिरजाबाई म्हणून मोठ्या घरची सून, तिले महारोग झाला, त घरच्याईनं तिले वावरातल्या खोपडीत नेऊन ठेवलं. मी तिकडून जाऊन राह्यली होती, त तिच्या दिरानं भाकर दगडावर ठेवली अन् न पाहताच माघारा फिरला. तसं ठेवनं मले ठाऊक होतं बापा. माहे पाय तिकडंच वळले. ती म्हणे, जवळ येऊ नोको, तुले लागन. म्या म्हणलं, माह्याजवळ तरी कोण येते बाई. ती म्हणे, तुले काय म्हणू? म्या म्हणलं, सखू. तिच्या बोटाईनं फणी धरवे नाई, केसायच्या गाठी झालत्या. म्या तेल लावून वेणी घातली. रडली नाई ती, म्हणे, घट्ट घाल सखू.

मंग रोजच जाये. गावाले समजलं, काम बंद झालं, म्हणे रोग आणते हे. उपाशी राहाची पाळी आली, त गिरजाबाई तिच्यातली अर्धी भाकर मले ठेवे. दोघी खोपडीच्या सावलीत बसून खाऊ.

थंडीत गेली ती. आंघोळ घालाले एक बाई येईना. दीर बांधावरूनच म्हणे, बाईचं काम आहे, तूच कर. त्याले काही वाटलं नाई, पन मले पयल्यांदाच कोणी बाई म्हणलं होतं, अन् जिले ते सांगाचं, तिचंच आंग मी धूत होती.

आता कोणाले दाराबाहेर बसवलेलं दिसलं, त्याची जात नाई इचारत का रोग नाई इचारत, जाऊन बसते जवळ. मंग ज्याच्याजवळ बसली तो आपल्या वाटेनं जाते, मी घरी येते. उन्हं उतरून राह्यले बापा. तुमची वाट पाहणारं कोणी असन, निंघा. मले घाई नाई. सुखी राहा.