ठकूबाईंनी बियांना गूळपाणी पाजलं

बसा मंडळी! देवळाच्या खांबाला टेकलात तरी चालेल, पण डोळे उघडे ठेवा. एक विचारतो. सेवा कशाला म्हणायचं? घरच्या थकल्या माणसाला 'तुम्ही बसा' म्हणायचं, आयतं ताट पुढं सरकवायचं — झाली सेवा? इतक्यात माना डोलवू नका!

पाचगणीच्या खालच्या अंगाला एक गाव. तिथं हैबती आणि त्यांची बायको ठकूबाई. हैबतींनी चाळीस वर्षं एका बंगल्यावर माळीकाम केलं. काचबिंदूनं नजर गेली, तसे घरी आले. आणि ठकूबाईंची सेवा सुरू झाली! नवऱ्याच्या हातातला तांब्या काढून घेतला. खुरपं काढून घेतलं. दारातली तुळससुद्धा — "मी घालते पाणी, तुम्ही बसा."

हैबती बसले. असे बसले, की दसऱ्यापर्यंत बोलायचेही थांबले. भाकरी अर्धीवर आली, मग चतकोर. ठकूबाईंना दिसायला लागलं — माणूस हातचा जातोय!

मग त्यांना आठवलं एक फूल. बंगल्यावरून येताना हैबतींच्या सदऱ्याला त्याचा वास यायचा. ते म्हणायचे 'साहेबी वाटाणा'. त्या वासानं तरी माणूस जागा होईल! भाचीला निरोप धाडला. तिनं पुण्याहून बियांचं पाकीट पाठवलं.

आता ठकूबाई साठीला प्रौढवर्गात अक्षरं शिकलेल्या. बोट ठेवून वाचलं — "स्वी-ट... पी." स्वीट त्यांना ठाऊक. मिठाईच्या दुकानावर लिहिलेलं असतं. आणि पी म्हणजे — पी! छापील आज्ञा आहे, मोडायची कशी? निम्मं बी अंगणात टोचलं आणि रोज तांब्याभर गूळपाणी पाजलं.

हसताय काय? तुम्हाला तरी कुणी सांगितलं होतं?

चौथ्या दिवशी खाटेवरून हाक आली — "ठके! अंगणात लगीन हाय का गं? मुंग्यांची वरात माझ्या धोतरातनं चाललीय!"

ठकूबाईंनी सगळं कबूल केलं.  खाट करकरली — हैबती हसत होते!

"अगं येडे, पी म्हंजी विंग्रजीत वाटाणा!"

"मला काय ठाऊक? पाकिटानं सांगितलं, म्या केलं."

"घरात माळी बसलाय, त्याला इचारायचं सोडून पाकिटाला इचारतीस?"

ठकूबाई गूळपाण्याचा तांब्या उचलून आत निघाल्या, तशी हैबतींनी मागून हाक मारली — 

"राहिलेलं बी आण. आणि कानस."

"मी घासते, तुम्ही बसा —"

"बसलोच हाय. हात बसल्यालं न्हाईत."

एकेक बी बोटानं चाचपून त्यांनी पाठ जराशी घासली. टरफल कठीण, पाणी आत शिरायला वाट हवी. रात्रभर साध्या पाण्यात भिजवलं, सकाळी पेरलं. चार पानांवर शेंडा खुडला, सुतळी बांधली. पौषात फूल आलं — जांभळं, गुलाबी — आणि अंगणभर वास!

ठकूबाई फुलाला हात लावू देईनात. "एवढ्या कष्टानं आलंय. राहू द्या वेलावर."

हैबतींनी वेल चाचपला. बोटाला कोवळी शेंग लागली. म्हणाले, "फूल न तोडता ही धरू दिलीस, की वेलाला वाटतं, झालं आपलं काम. मग तो फुलायचा थांबतो. वाळून जातो, ठके."

ठकूबाई उभ्याच राहिल्या. हे वेलाचंच चाललंय का, त्यांना कळेना. मग कळलं. आत गेल्या, कात्री आणली, आणि नवऱ्याच्या हातात दिली. 

त्या दिवसापासून रोज सकाळी फुलं हैबतींनीच तोडायची. दोन वेळा बोट कापलं. भाकरी दीडवर गेली. नजर आली का? नाही आली. हे कीर्तन आहे मंडळी, दवाखाना नव्हे.

आता आरती. तरणीताठी ताट धरायला पुढं सरसावलीत — जरा थांबा. ती मागं भिंतीशी म्हातारी मंडळी बसलीत ना, तुम्हीच धरून आणून बसवलेली? जा, विचारा त्यांना — आजची आरती तुम्ही ओवाळता का? हात कापेल. तेल सांडेल. सांडू द्या. फरशी आपण पुसू.