लाभपाचमीची पहिली गाडी

आम्ही मूळचे जळगावकडचे, पण बाबा नोकरीला बडोद्याला आले आणि माझा जन्म इथलाच, सुभानपुऱ्यातला. घरात मराठी, दार उघडलं की गुजराती, आणि भांडायचं असेल तर दोन्ही. बाबा इथून जवळच्या सावली गावाकडे वॉशबेसिनच्या कारखान्यात होते, आता रिटायर झाले. लहानपणी एकदा त्यांच्याबरोबर गेले, तर कारखान्यामागे फुटक्या बेसिनांचा हा एवढा डोंगर. मी विचारलं याचं काय करणार, बाबा म्हणाले काही नाही, पडून राहणार. आणि काय सांगू तुम्हाला, भाजलेली चिनीमाती कुजत नाही, विरघळत नाही, माझे नातू म्हातारे होतील तरी ती तश्शीच. ती नुसती पडून राहणार हे मला पटलंच नाही, आणि मी हट्टी, म्हणून सिरॅमिकच शिकले.

आता पीएचडी करते, लॅबमध्ये जोडीला धर्मेश आहे. आमचं काम समजायला सोपं. तीच फुटकी बेसिनं दळायची, मातीत मिसळायची, त्यात टाकाऊ बाटल्यांच्या काचेची पूड घालायची, म्हणजे माती कमी आचेवर पक्की होते आणि गॅस वाचतो. लॅबमध्ये मस्त जमलं, पण लॅबमधल्या चकत्या रुपयाएवढ्या, त्यात कोण हात धुणार. कारखान्याच्या भट्टीत अख्खं बेसिन भाजून दाखवलं नाही तर सगळं कागदावरच राहणार होतं, आणि फेलोशिप उन्हाळ्यात संपत होती.

भट्टी एरवी कायम पूर्ण आचेवर, ऑर्डरच्या मालानं भरलेली. दिवाळीत विझवतात, लाभपाचमीला, म्हणजे गुजराती लोक दिवाळीनंतर धंदा पुन्हा सुरू करतात त्या दिवशी, पूजा करून पेटवतात, तेव्हा तेवढी पहिली गाडी कमी आचेवर जाते, गाडी म्हणजे रुळांवरची, तिच्यावर माल रचून आत ढकलतात ती. मी बाबांच्या शेठकडे तीच मागितली. शेठ भले माणूस, पण जुन्या वळणाचे. म्हणाले, ऋचाबेन, नव्या वर्षाच्या पहिल्या अग्नीत फुटलेला माल घालू? आम्ही घरात फुटकी कपबशी ठेवत नाही. मी म्हटलं, शेठ, फुटका माल तर तुम्ही मागे वर्षानुवर्षं जपून ठेवलाय, मी तो घालवायला आलेय. धर्मेश खाली बघायला लागला, त्याला वाटलं गेलं काम. शेठ हसले, म्हणाले, नाखो, म्हणजे घाला.

गाडी बाहेर आली, बेसिनं पांढरी शुभ्र. शेठनी कुंकू लावायला बोट पुढे केलं आणि टिण्ण आवाज झाला. मग दुसरा, मग सगळ्या गाडीवर टिण टिण टिण. आमच्या लाइनमधल्या माणसाला तो आवाज लगेच कळतो, वरचं ग्लेझ, म्हणजे तो चकचकीत थर, तडकतोय. शेठ कुंकवाचं बोट तसंच धरून उभे. खोटं कशाला बोलू, मला रडू आलं. पण तिथेच शाई मागवली, बेसिनवर चोळली, पुसली, तर नुसतं तड्यांचं जाळं उमटलेलं. मग बेसिन उलटं करून पाहिलं, माती शाबूत. म्हटलं, शेठ, अंग चांगलं आहे, कपडा तोकडा झालाय. कमी आचेवर वितळावं म्हणून आम्ही ग्लेझमध्ये सोडा जास्त घातला होता, ते थंड होताना मातीपेक्षा जास्त आकसलं. चकत्यांवर ते कळलंच नव्हतं.

शेठ म्हणाले पुढच्या लाभपाचमीला बघू. मी म्हटलं तोवर फेलोशिप संपेल, होळीला कामगार गावी जातात तेव्हाही भट्टी विझते, ती गाडी द्या. बरोबर आलेले बाबा मधे बोलायला लागले, त्यांना म्हटलं तुम्ही थांबा. शेठ म्हणाले, बस, एकदाच.

आम्ही कमी आकसेल असं ग्लेझ नव्यानं बनवलं. होळीनंतर गाडी बाहेर आली तेव्हा सगळे कान देऊन उभे. चहा आला, थंड झाला. शेवटी शेठ वाकले, बेसिनला कान लावला आणि म्हणाले, ऋचाबेन, आ तो कंई बोलतुं नथी. हे तर काही बोलतच नाही. मग आम्ही ते वाफेत कोंडून पाहिलं, पुढेमागे तडकणारं ग्लेझ त्यात लगेच तडकतं, तरी गप्पच.

आता शेठ ऑर्डरचा मालही आमच्या मातीचा काढतात, म्हणून कमी आचेची गाडी नेहमीच जाते, आणि मी थिसिस लिहितेय. डोंगर अजून आहे, इतक्यात संपायचा नाही, पण मधे चांगली खाच पडलीय. परवा बाबांना दाखवायला नेलं. ते खाचेतून पलीकडे बघत म्हणाले, एवढी वर्षं इथे काढली, पलीकडे शेत आहे हे आज दिसलं. मी म्हटलं, जरा दम धरा बाबा, अजून दिसेल.