धुक्यातला शेवटचा सामना

१९०८ चा नोव्हेंबर. मिनेसोटातल्या आमच्या लहानशा स्टेशनात मी शेगडीजवळ बसलो होतो. कॉलेजच्या गावाहून गाडी आली. एक बाई एकटीच उतरून आत आली, तसा माझ्या शेजारी बसलेला तिचा नवरा, एक म्हातारा शेतकरी, उठून उभा राहिला.

"अगं, सिव्हर्ट कुठाय? पोराला कॉलेजातून घरी आणायला गेली होतीस ना?"

"नाही आणला."

"गेल्या महिन्यात खांदा निखळला त्याचा! सहाच्या सहा सामने हरलेत. पुरे झाला तो चेंडू हातात घेऊन एकमेकांवर आदळायचा फुटबॉल, असं तूच म्हणालीस."

"म्हणाले होते. म्हटलं, आजचा यंदाचा शेवटचा सामना संपला की हाताला धरूनच आणीन. पण अहो, नदीवरून असं धुकं आलं की मैदानच नाहीसं झालं. नुसते धापांचे आवाज. मी आपली जीव मुठीत धरून उभी."

"मग?"

"मग त्या धुक्यातून तो एकटाच बाहेर आला. चेंडू पोटाशी, मागे कुणी नाही. मैदानाच्या टोकाची गोलाची रेघ कधीच ओलांडली होती, तरी आपला पळतोच आहे! माझ्यासमोर कुंपणाला येऊन थडकला आणि हसायला लागला."

"हसला? आपला सिव्हर्ट?"

"मोठ्यानं. त्याचा थोरला भाऊ वारल्यापासून पहिल्यांदाच."

"म्हणजे जिंकले?"

"कसले जिंकतायत! हरलेच."

म्हाताऱ्यानं कोटाची बटणं लावली आणि तो दाराकडे निघाला.

"शेजारच्या नेल्सनला विचारून ठेवायला हवं."

"काय?"

"पुढच्या वर्षी सामन्याच्या दिवशी आपल्या गाईंचं दूध काढशील का म्हणून. आपण दोघंही घरी नसणार ना."