कल्याणरावची जर्मन बंदूक

(पालम, १९५९. कल्याणरावच्या किराणा दुकानामागची ओसरी. भिंतीवर छर्‍याची बंदूक टांगलेली. शेतकरी मित्र आसाराम तिच्यासमोर उभा. कल्याणरावची बायको बसम्मा चुलीपाशी.)

आसाराम : एकदा दे, कल्याण. एकच छर्रा. मंग पुन्हा न्हाई मागणार.

कल्याणराव : हात लावू नको म्हणलं ना. आत्ताच पुसून ठेवलीय.

आसाराम : पुसतोस रोज, उडवीत मातर कवाच न्हाईस. मला जळवायलाच टांगलीस व्हय?

बसम्मा : भावजी, माझ्या डोक्याला तेल मागितलं की ह्यांच्या दुकानातलं तेल महाग हुतंय. हिला मातर रोज न्हाऊमाखू. सवत तरी बरी!

कल्याणराव : तू च्या टाक.

आसाराम : वैनी, तुमी एकल्याच न्हाई जळत. हैदराबादेत एकाच दुकानातून, एकाच दिवशी घेतल्या आमी दोघांनी. अक्रोडाचा दस्ता, अस्सल जर्मन. आतली स्प्रिंग भरायला नळी खाली मोडायची म्हणलं की दंडात रग लागायची. आन् चाप वढला की ठप्प! आता जत्रंत फुगे फोडायला ठिवत्यात, त्या काय बंदुका हायेत? खेळणी नुसती.

कल्याणराव : चिंचंचं बोटूक देठातून तोडायचास तू. मला कवा जमलं न्हाई. मनातून लय चडफडायचो.

आसाराम : आन् आज? तुझ्याकडं हाय, माझ्याकडं न्हाई. पोलीस ॲक्शनच्या साली दवंडी झाली, हत्यारं चावडीवर जमा करा. मी भ्यालो, पळत जाऊन हिरीत टाकली. मागनं कळलं, छर्‍याच्या बंदुकीला कुणी इचारीतच नव्हतं. गाळ काढताना घावली तवा नुसतं गंजकं दांडकं. तू हुशार. जमिनीतल्या जवारीच्या पेवात लपवलीस.

बसम्मा : हुशार! ऐकलं का हो?

कल्याणराव : गप बस.

आसाराम : हे बघ, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरायलाय. फुडच्या साली नेम दिसंल का न्हाई, ठावं न्हाई. आज न्हाई दिलीस तर ह्या ओसरीला माझा पाय लागणार न्हाई. सांगून ठिवतो.

बसम्मा : द्या की. मानूस तोडता का आता तिच्यापाई?

कल्याणराव : घे बाबा. घे.

आसाराम : आहा! वजन तेच. दस्ता कसा गालाला लागतोय बघ... कल्याण, नळी इतकी हलकी कशी? दोन बोटांत मोडली की!

कल्याणराव : छर्रा घाल. चाप वढ.

आसाराम : अरं! नुसतं फुस्स? छर्रा नळीतच अडकला.

कल्याणराव : घाईघाईत पेवात टाकली ती चाप न वढता, तशीच भरलेली. पेवाचं तोंड लिपलं, ते उन्हाळ्यातच उघडलं. तवर स्प्रिंग दबून दबून मेली.

आसाराम : भरून ठिवली? भरून ठिवू नये, स्प्रिंग बसती, हे मला शिकवलं कुणी? तूच की!

कल्याणराव : म्हणून तर तोंडातून निघंना. नवी स्प्रिंग लय हुडकली, कुठं मिळंना. मंग तू यायचास, तिच्याकडं बघायचास. तू जळायलास तवर मलाबी ती चालू वाटायची.

आसाराम : खोटं कामून बोलू? फुस्स झालं तवा मनातून लय बरं वाटलं. आन् लगीच इतकं वंगाळ वाटलं, काय सांगू.

बसम्मा : च्या घ्या. झालं एकदाचं. सुटलात दोघंबी.

कल्याणराव : खरंच, आसाराम? आता न्हाई ना जळणार माझ्यावर?

आसाराम : जळणारच. मेलेली का हुईना, तुझ्या भिंतीवर हाय. माझी खुंटी मोकळीच हाय.