शेजारणीचा डबा

तुमी अमरावतीत बसून म्हनता, कॅनडात मजा हाये. बाई, मी तिथं एका डब्यापायी थकली.

आमी नवीन म्हून शेजारच्या म्हातारीनं डबाभर केक आनून देल्ला. आपल्यात दुसऱ्याचं भांडं रिकामं परत देतात काय? मी करंज्या भरून देल्ल्या. तिनं तोच डबा बिस्किटं भरून आनला. मंग मी आलूबोंडे. हिवाळाभर हेच. कामावरून या, अन् तळत बसा!

एक दिवस म्हातारी डबा घेऊन दारातच मटकन बसली. म्हने, "तुमच्या देशात हे थांबते कधी?"

म्हटलं, "भांडन झालं की थांबते."

"मंग भांडू या का?"

म्हटलं, "नोको व माय, मंग मी बोलू कोनासंग?"

अन् पुन्हा कढई चढवली.